रात्री एकट्याने पाण्याला जाताना बिबट्यापासून कसं जपायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाईटची रात्रपाळी लागली, म्हणजे शेतीपंपाची वीज रात्रीची आली आणि पिकाला पाणी द्यायला रात्रीच रानात जावं लागलं, की माझा फोन वाजायला लागतो. "आमच्या वस्तीजवळ दिसलाय, पाण्याला जाऊ का नको?" मी जुन्नर तालुक्यात ऊस-कांदा करतो आणि गेली काही वर्षं वन खात्याच्या माणसांबरोबर गावोगावच्या सभांना जातो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि पलीकडे अकोले-संगमनेरपर्यंतची माणसं जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ३, ४ आणि ६ वाचा.

१. रात्री एकट्याने रानात जावं की जाऊच नये?

टाळता आलं तर टाळा. मोटर चालू-बंद करण्यापुरतंच जायचं असेल तर मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवून घ्या. त्याचा खर्च एका शेळीच्या किमतीपेक्षा कमी असतो आणि निम्म्या रात्रीच्या खेपा वाचतात. ठिबक असेल तर व्हॉल्व्ह रानाच्या मध्ये न ठेवता वस्तीच्या बाजूला आणा. शेजारी-शेजारी पाळी लावून दोघं मिळून दोघांचं पाणी करा. आमच्याकडे भावकीत बोलणं नसलेली माणसंसुद्धा रात्रीच्या पाण्याला आता एकत्र जातात.

तरी जावं लागतं, हे मला माहीत आहे. मोटरला लागणारी तीन फेज लाईट रात्रीची आली आणि कांदा पाण्याला आला, तर कोण घरी बसेल? म्हणून दिवसा लाईट मिळणं हाच यावरचा खरा इलाज आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. तुमचा फीडर, म्हणजे तुमच्या शेतीपंपांना वीज देणारी लाईन, सौरवर कधी येणार, हे ग्रामसभेत विचारा, ठराव करा आणि पाठपुरावा करा. इतर प्रश्नांची उत्तरं तोवर निभावून नेण्यासाठी आहेत.

२. बिबट्या माणसाच्या मागावरच असतो का?

नाही. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पट्ट्यात ट्रॅप कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल जवळपास नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं राहतात, अशा भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि साधारण तेवढीच तरसं. बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा होता कुत्र्यांचा. म्हणजे तो रोज रात्री वस्तीच्या कडेने फिरतो, माणसं रोज बघतो आणि बाजूला होतो. आपल्याला दिसतो तो क्वचित, त्याला आपण रोज दिसतो.

मग हल्ले का होतात? मी ज्या-ज्या घरी गेलो, तिथली बहुतेक माणसं तेव्हा बसलेली, वाकलेली किंवा निजलेली होती, नाहीतर लहान पोरं होती. अंधारात खाली वाकलेला, आवाज न करणारा आकार त्याला कुत्र्या-शेळीएवढा दिसतो. उभा, बोलणारा, उजेडातला माणूस त्याच्या लेखी वेगळाच असतो. पुढची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीवर उभी आहेत. माणसाचीच शिकार करू लागलेला एखादा बिबट्या मात्र असतो, त्याच्यासाठी प्रश्न २१ पाहा.

३. सोबत काय न्यावं?

चांगली चार्जिंगची बॅटरी, लांब झोत पडणारी. मोबाईलचा उजेड पायापुरता असतो, त्याच्यावर जाऊ नका. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर फारच उत्तम, कारण खोरं धरायला दोन्ही हात लागतात. मात्र ती फक्त समोरच उजेड पाडते. म्हणून दुसरी बॅटरी बांधावर पाठीमागच्या बाजूला चालू ठेवा.

घुंगुरकाठी. माझे आजोबा न्यायचे तीच: छातीएवढी काठी, वरच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली सातआठ घुंगरं तारेने घट्ट आवळलेली. पाऊल टाकलं की काठी टेकते, काठी टेकली की घुंगरू वाजतं. वेगळं लक्षात ठेवून आवाज करावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. आजोबांच्या काठीची मूठ हाताने इतकी गुळगुळीत झाली आहे की अंधारातही कुठलं टोक वर आहे ते कळतं. ती मी अजून वापरतो.

गळ्याला मफलर किंवा टॉवेलचे दोन वेढे घ्या. बिबट्या धरतो ती मान. मोबाईलमध्ये निदान अर्धी बॅटरी हवी, आणि १९२६ हा वन खात्याचा मदत क्रमांक व तुमच्या वनरक्षकाचा नंबर वरतीच हवा. निघताना घरी सांगून जा, "तळ्याकडच्या वावरात चाललोय, बाराला येतो." बाराला आला नाही तर कुणाला फोन लावायचा, हेही ठरलेलं असावं.

४. दारं धरायची म्हणजे वाकावंच लागतं. मग करायचं काय?

हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. दारं म्हणजे सरीत पाणी सोडायचं-अडवायचं मातीचं तोंड, ते खोऱ्याने मोडावं आणि बुजवावं लागतं. सगळे सल्ले "वाकू नका" इथे येऊन थांबतात, आणि वाकल्याशिवाय दारं मोडत नाही.

लांब दांड्याचं खोरं घ्या. आपल्याकडच्या खोऱ्याचा दांडा आखूड असतो, म्हणून पाठ आडवी होते. सहा इंच जास्तीचा दांडा बसवला तरी कमरेतून अर्धंच वाकावं लागतं. प्रत्येक दाऱ्याला पोचल्यावर आधी उभं राहून चारी बाजूंनी एकदा उजेड फिरवा. उसाच्या फडाची कड जवळ असेल तर तिथे जरा थांबून, बुंध्याशी झोत टाकून बघा. मग फडाकडे तोंड करून वाका, पाठ करून नव्हे. वाकलात की तोंडाने बोलत राहा, हाळी द्या, काहीही म्हणा. एक दारं झालं की सरळ उभे राहा. सलग चारपाच दारी वाकूनच करत सुटू नका.

पाणी भरेपर्यंत बांधावर उकिडवं बसायची सवय मोडा. बसायचंच तर ट्रॅक्टरच्या सीटवर, टाकीवर, उंच दगडावर बसा, पाठीला भिंत किंवा मोटरची पेटी येईल असं. पाणी भरत असताना बांधावर पडून डोळा लावणं हे तर पूर्ण बंद करा.

आणखी एक सोय: पाळी ठरवताना उसाला लागून असलेल्या सऱ्या संध्याकाळी उजेडातच उरकून घ्या, मोकळ्या रानातलं पाणी रात्रीला ठेवा. पाटाचं पाणी सगळ्यांना असं फिरवता येत नाही, पण विहीर-बोअरवाल्यांना येतं.

५. मोबाईलवर मोठ्याने गाणी लावली तर चालतं ना?

लावलेलं न लावण्यापेक्षा बरं. मोटरच्या पेटीजवळ रेडिओ लावून ठेवणारे पुष्कळ आहेत. पण दोन गोष्टी सांभाळा. कानात हेडफोन घालून गाणी ऐकू नका, त्याने फक्त तुम्हाला ऐकू येणं बंद होतं. आणि रोज त्याच जागी तोच आवाज असेल तर बिबट्या त्याला सरावतो. खिशातल्या गाण्यापेक्षा माणसाचं हलतं-बोलतं तोंड जास्त कामाचं. भजन म्हणत पाणी धरणारे आमच्या वाडीत आहेत, त्यांचा आवाज अर्ध्या मैलावरून येतो. तसं चांगलं.

६. समोर आलाच तर?

पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. खाली बसायचं नाही, दगड उचलायलासुद्धा वाकायचं नाही. या चार गोष्टी घरातल्या पोराबाळांकडून पाठ करून घ्या.

थांबा. बॅटरी त्याच्यावर ठेवा. दोन्ही हात वर करा, टॉवेल-घोंगडी असेल तर डोक्यावर धरून पसरा, जेवढं मोठं दिसता येईल तेवढं दिसा. मोठ्या, जड आवाजात ओरडा, किंचाळू नका. मग त्याच्याकडे तोंड ठेवूनच एकेक पाऊल मागे या. पाठीमागे काय आहे हे पायाने चाचपत या, कारण पाटात पाय जाऊन पडलात तर सगळं मुसळ केरात.

त्याला निघायला वाट ठेवा. तो बांधाच्या आणि विहिरीच्या मधल्या कोपऱ्यात असेल आणि तुम्ही वाटेत उभे असाल, तर त्याला जायचं असूनही जाता येत नाही. बहुतेक वेळा तुम्ही चार पावलं बाजूला झालात की तो दोन उड्यांत उसात असतो.

गुरगुरला, कान मागे पाडले, अंग जमिनीला टेकवून दबा धरला, तर तो घाबरलेला आहे आणि तुम्ही फार जवळ आहात. पिल्लं जवळ असतील तर मादी असंच करते. मागे येण्याचा वेग तेवढाच ठेवा, आवाज चालू ठेवा.

आणि अंगावर आलाच तर मेल्याचं सोंग घेऊ नका. मान दोन्ही हातांनी झाका, हनुवटी छातीला लावा, पायावर उभं राहायचा प्रयत्न करा आणि हातात असेल त्याने त्याच्या नाकाडावर, डोळ्यांवर मारा. त्याने सोडलं की आवाज करत उजेडाकडे जा. जखमेचं प्रश्न १९ मध्ये.

७. लांबवर डोळे चमकले. कुत्रा, कोल्हा की बिबट्या, कसं ओळखू?

नुसत्या रंगावरून सांगू नका. कुत्र्या-मांजराचेही डोळे पिवळे-हिरवे चमकतात. डोळे कसे हलतात ते बघा. कुत्रा-कोल्हा उजेड पडला की उठतो, तोंड फिरवतो, चमक मिचमिचत इकडेतिकडे होते. बिबट्या बऱ्याचदा नुसता बघत राहतो, चमक जागच्या जागी स्थिर. मग एकदम विझते, म्हणजे तो वळला. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, स्थिर, अंतर राखून असलेली जोडी दिसली तर बिबट्याच समजा आणि प्रश्न ६ प्रमाणे वागा. खात्री करायला पुढे जाऊ नका. मोबाईलमध्ये टिपायला तर मुळीच नको.

८. जवळपास आहे हे आधी कळतं का?

पुष्कळदा कळतं. कुत्री एकाच दिशेला तोंड करून भुंकतात आणि मागे मागे सरतात. पुढे धावत जात नाहीत, हा फरक ध्यानात ठेवा. भुंकणारी कुत्री एकाएकी गप्प झाली तर जास्त काळजी करा. गोठ्यात जनावरं उठून उभी राहतात, दाव्याला हिसके देतात, फुसकारतात. शेतात टिटवी उठते आणि एका जागेभोवती घिरट्या घालत ओरडते. झाडावर वानरं असतील तर ती खाकरतात.

एकदा मार्गशीर्षात मी कांद्याला पाणी देत होतो. टिटवी उठली. सापाला उठली असेल म्हणून दुर्लक्ष केलं. तिचा आवाज फडाच्या कडेने माझ्या बाजूला सरकत होता, हे लक्षात यायला मला दोन सऱ्या भरेपर्यंत वेळ लागला. खोरं रोवून तसाच उभा राहिलो आणि बॅटरी फिरवली, तर वीसेक पावलांवर पाचटावर बसलेला. बसलेला बिबट्या केवढा लहान दिसतो! मी ओरडलो, तो उठला, आळस दिल्यासारखं अंग ताणलं आणि उसात गेला. टिटवी तेव्हा गप्प झाली. तेव्हापासून तिच्या आवाजाला मी कान देतो.

बिबट्याचा स्वतःचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा येतो, खर्र-खर्र, थांबून थांबून. तो बहुतेक दुसऱ्या बिबट्यासाठी असतो. ऐकू आला तर त्या बाजूचं पाणी सकाळवर टाका.

९. चिखलात ठसा दिसला. बिबट्याचाच आहे का?

नखं उमटली नसतील, ठसा गोलसर असेल आणि मागच्या गादीला खालून तीन फुगवटे असतील, तर बिबट्या. कुत्रा, लांडगा आणि तरस यांच्या ठशात नखं दिसतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. चिखलात ठसा पसरतो, त्यामुळे मोठा दिसला म्हणून मोठा बिबट्या असं नसतं. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, घमेलं पालथं घालून ठसा झाका आणि वनरक्षकाला कळवा.

१०. मोटारसायकलचा पाठलाग करतो म्हणतात, खरं का?

कधी कधी धावतो. अंधारातून पुढून पळत जाणाऱ्या वस्तूमागे मांजर धावतं, तसंच हे. थांबू नका, गाडी आडवीतिडवी करू नका, हॉर्न वाजवत सरळ निघा. मागे बसलेल्याचे पाय लोंबकळत असतील तर वर घ्यायला सांगा. उसातल्या अरुंद वाटेवर हॉर्न वाजवत आणि बेताच्या वेगात जा, म्हणजे तो वाट ओलांडत असेल तर तुमच्या चाकाखाली येणार नाही. गाडीची धडक हे बिबटे मरण्याचं मोठं कारण आहे, आणि दुचाकीवाल्याचंही त्यात काही कमी मोडत नाही.

११. कुत्रा सोबत नेला तर राखण होईल का?

इशारा मिळतो, राखण होत नाही. कुत्रा हेच त्याचं आवडतं खाणं आहे (प्रश्न २). घाबरलेला कुत्रा धन्याच्या पायात येतो, आणि त्याच्यामागे बिबट्याही येतो. वस्तीवरचा कुत्रा रात्री आत, दाराआड बांधा. बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला अंगणात बोलावणं.

१२. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालावा का?

मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना असे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यात लागोपाठ माणसं गेली, तेव्हा बायाबापड्या ते गळ्यात घालून खुरपायला जाऊ लागल्या. तो फोटो बघून मला रात्रभर झोप आली नाही. माणसांनी कुत्र्याचा पट्टा घालून स्वतःच्या रानात जावं, यापेक्षा वाईट काय असणार?

उपयोगाचं म्हणाल तर मानेला थोडं संरक्षण मिळतं. पण पडलात तर खिळे तुमच्याच हनुवटीत घुसू शकतात, आणि पट्टा आहे म्हणून माणूस एकट्याने बिनधास्त वाकतो. जाड मफलर आणि सोबतीला माणूस, हे त्याहून बरं. घालणाऱ्याला मात्र कुणी हसू नका.

१३. लहान मुलांना रानात नेऊ का? घरी ठेवायला कुणी नसतं.

अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत नेऊ नका. दिवसा न्यायची वेळ आली तर पोर तुमच्या हाताच्या अंतरावर आणि उसापासून लांब हवं. झोळी फडाच्या कडेला बांधू नका. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ जास्त सांभाळायची: आई चुलीपाशी, बाप गोठ्यात आणि पोर अंगणात एकटं, असं याच वेळी होतं. परसाकडे जायचं असेल तर मोठ्या माणसाने उजेड घेऊन सोबत उभं राहावं. मोठ्यांनाही हाच नियम, कारण उकिडवं बसलेला माणूस त्याला कसा दिसतो हे वर सांगितलं आहे.

१४. ऊसतोडीत पिल्लं सापडली. उचलून आणली तर चालेल?

हात लावू नका. तोड तेवढ्या भागात थांबवा, माणसं लांब करा आणि १९२६ ला कळवा. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो, त्यामुळे कितीतरी बिबट्यांसाठी तोच जन्माचा मुलूख असतो. तोड सुरू झाली की मादी पिल्लं ठेवून बाजूच्या फडात जाते. ती लांब गेलेली नसते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि आई रात्री येऊन एकेक उचलून नेते. अशी भेट मी लांबून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिली आहे. तिने खोकं आडवं पाडलं, एकाला मानेला धरून नेलं आणि दुसऱ्यासाठी अर्ध्या तासाने परत आली.

त्या रात्री त्या शिवारात पाणी, गव्हाण, वैरण काहीच नाही. पिल्लं हरवलेल्या मादीच्या परिसरात फिरणं हा बिबट्याच्या मुलखातला सगळ्यात मोठा धोका. तोडकऱ्यांच्या कोप्या फडालगत असतील तर त्यांना त्या रात्रीपुरतं गावात, शाळेत हलवा. ती माणसं लांबून आलेली असतात, त्यांना इथलं ठाऊक नसतं. त्यांना सांगणं हे बागायतदाराचं काम आहे.

१५. कुंपणाला करंट सोडला तर?

मोटरच्या किंवा घरच्या लाईटची तार थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात मरतो तो बहुतेक वेळा शेजारी, पोर किंवा स्वतःच. सौर झटका मशीन वेगळं: त्यात झटका क्षणभराचा आणि ठरावीक ताकदीचा असतो, जीव जात नाही. ते चालतं. गोठ्याला मात्र झटक्यापेक्षा पक्की जाळी बरी, वरूनसुद्धा. बिबट्या आठ फुटी भिंत सहज चढतो, म्हणून नुसत्या कडेच्या जाळीने भागत नाही.

१६. आम्हीच रात्री बसून त्याला मारला तर? फासा लावला तर?

हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. उत्तर सरळ आहे: करू नका.

बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. गोळी घालणं तर सोडाच, फासा लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, घेरून हाकणं, किंवा यातलं काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याने शिकारच आहे. शिक्षा किमान ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

कायदा बाजूला ठेवला तरी जिवाचं बघा. अर्धवट लागलेला, पाय गेलेला बिबट्या कुत्रासुद्धा धरू शकत नाही, आणि मग तो सगळ्यात सोप्या शिकारीकडे वळतो. तो जखमी जीव रात्रभर तुमच्याच उसात असतो आणि दुसऱ्या दिवशी त्या उसात जायचं तुम्हालाच असतं. मढ्यावर दबा धरून एकटा बसलेला माणूस हा त्या रात्रीच्या शिवारातला सगळ्यात असुरक्षित माणूस असतो: बसलेला, गप्प आणि अंधारात.

रानडुकरांसाठी लावलेल्या क्लच वायरच्या फाशातही बिबटे अडकतात. तसा दिसला तर जवळ जाऊ नका. पंजा सुटला की तो आधी समोरच्यावर येतो.

१७. अंगावर आला आणि हातातला कोयता लागून मेला, तर मला अटक होईल का?

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेला वार गुन्हा ठरत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिलं आहे. ताबडतोब वन खात्याला आणि पोलिसांना कळवा, जागा हलवू नका, बिबट्याला हात लावू नका. मेलेला प्राणी सरकारचा असतो, नख किंवा मिशीचा केससुद्धा घेतला तर वेगळा गुन्हा.

एक अडचणीचा अपवाद आहे. त्या वेळी तुम्ही याच कायद्याविरुद्ध काही करत असाल, म्हणजे तुम्हीच फासा लावला होता आणि त्यातल्या बिबट्याने हल्ला केला, तर ही सवलत मिळत नाही.

१८. शेळी मारून टाकली आहे. रात्रीच जाऊन उचलू का?

नको. तो मढ्यापासून लांब नसतो आणि खायला परत येतो. गोठ्यातली बाकीची जनावरं आतून सुरक्षित करा, दिवे लावा, सकाळी चारचौघांनी जा. मढं पंचनाम्याआधी हलवू किंवा पुरू नका. भरपाईसाठी ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवायचं असतं. फोन केलात तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात. पैशाने माणूस येत नाही, पण हक्क सोडू नका.

१९. पंजा नुसता ओरखडला आहे. दवाखान्यात जावंच लागेल का?

लागेल, त्याच रात्री. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, बिडीची राख काही भरू नका. रक्त भळाभळा वाहत असेल तर धुण्यात वेळ न घालवता स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. धनुर्वात आणि रेबीज या दोन्हींची लस लागते. रक्त आलेल्या जखमेत रेबीजसाठी नुसती लस पुरत नाही, जखमेतच सिरम टोचावं लागतं. ते डॉक्टरांना आठवणीने विचारा आणि पुढचे डोस चुकवू नका. मानेवरची जखम वरून बारीक दिसली तरी आत खोल असते.

२०. पिंजरे लावून सगळेच धरून लांब सोडत का नाहीत?

आपल्याच तालुक्यात ते करून झालं आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून शंभराच्या आसपास बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेच दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. हल्ले थांबले नाहीत, वाढले. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, त्या काळात १७ वर गेले. एक उचलला की त्याच्या जागी दुसरा येतो, तो नवखा असतो, त्याला वस्ती, कुत्री, माणसांच्या वेळा माहीत नसतात. आणि लांब सोडलेला परत निघतो: टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ मध्ये काढलेला एक नर माळशेज घाटात सोडला, तर माग काढण्यासाठी गळ्यात बसवलेल्या कॉलरवरून कळलं की तो चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला.

पिंजरा हल्ला झालेल्या जागी लागलाच पाहिजे. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका. ज्याने गेली पाच वर्षं तुमच्या शिवारात कुणाला बोट लावलं नाही, तोच धरला जाण्याची शक्यता जास्त.

२१. आमच्या गावात पंधरा दिवसांत दोन माणसं गेली. आताही हेच नियम?

नाही. अशा वेळी वरच्या सगळ्या सवलती रद्द समजा. रात्री रानात कुणीही एकट्याने नाही, दोघांनीही नाही. पीक वाळलं तर वाळू दे. दिवसासुद्धा उसालगतचं काम चारपाच जणांनी आणि एकाने नुसतं उभं राहून राखण करायची. गावाने एकत्र येऊन त्या फीडरवर तातडीने दिवसा लाईट मागायची, पोलीस पाटलांकरवी रोजची खबर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्यायची.

माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या बिबट्याला पकडायचा किंवा पकडता येत नसेल तर मारायचा लेखी आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. ते काम खात्याने नेमलेल्या पथकाचं. पथक शिवारात असताना घरातच थांबा. बघ्यांची गर्दी झाली की बिबट्या उठतो, माणसांवरून उड्या घेत सुटतो आणि आठ-दहा जण जखमी होतात, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे.

२२. विहिरीत पडला आहे, ओरडतोय. रात्र आहे. काय करू?

१९२६ ला फोन करा, लोकांना कठड्यापासून मागे घ्या. तो दमलेला असेल तर दोरखंडाला बांधून एखादी फळी, रिकामं पिंप किंवा बाज खाली सोडा, म्हणजे त्याला टेकायला मिळतं. शिडी सोडू नका, तो तिच्यावरून थेट तुमच्यात येईल. उजेड त्याच्या डोळ्यांवर रोखू नका. पथक आलं की ते पिंजरा उतरवतात.

आणि तुमच्या विहिरीला कठडा नसेल तर तो या उन्हाळ्यात बांधून घ्या. अंधारात बिबट्याकडे तोंड करून मागे मागे सरताना पाठीमागे उघडी विहीर असलेला एक माणूस मला माहीत आहे. त्याचा पाय काठावर अडला म्हणून तो आज आहे.